चांदमारी आणि विहीणबाईंचे कुंकू

श्री. रा. रा. वीरण्णाशेट, मुक्काम अहमदपूर, यांसी पोलीस हवालदार रामलिंग याचा, दोन्ही डोळे उघडे ठेवून, शरणार्थ. (आपल्या नावाआधी 'व्याही' हा शब्द लिहायची फार इच्छा होती. पण तो ठेवायचा की खोडायचा हे सध्या आपल्या हातात आहे, म्हणून तेवढी जागा कोरी सोडली आहे.) आपले गुडघे थंडीत कसे आहेत? मोंढ्यात सोयाबीनची आवक बरी असेल. चि. मन्मथरावांचे कुशल असेल. सौ. दानम्माबाईंच्या प्रकृतीची चौकशी करण्याचा अधिकार मला राहिला आहे की नाही हे कळत नाही, तरी त्या बऱ्या असाव्यात, असे लांबूनच आणि मान खाली घालून विचारतो. इकडे सर्व क्षेम आहे असे लिहिण्याची पद्धत आहे. पण सव्वीस वर्षे खात्यात काढल्यावर माणूस खोटे फक्त सरकारी कागदावर लिहितो. हे खासगी पत्र आहे. इकडे क्षेम नाही.

फोन करून पाहिले, उचलला जात नाही. व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवला तर त्यापुढे दोन निळ्या खुणा उमटतात आणि नंतर काही उमटत नाही. पत्राला निळी खूण नसते, त्यामुळे आपण ते वाचले असेल अशी आशा तरी करता येते, म्हणून हा कागद. आम्हाला फिर्याद लिहायची सवय, तेव्हा घटना आधी लिहितो. बावीस दिवसांमागे, रविवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, आपल्या राहत्या घरी, बैठकीच्या खोलीत, सौ. दानम्माबाई पाहुण्यांना चुरमुऱ्यांचा सुशीला वाढत असताना, आरोपीने (म्हणजे मी) त्यांच्याकडे पाहून डावा डोळा मिटला. एकदा नव्हे, तीनदा. आपण तिन्ही वेळा पाहिले. हात धुताना आपण 'विचार करून कळवतो' म्हणालात. शेटजी, आमच्याकडे 'तपास चालू आहे' याचा जो अर्थ होतो, तोच सोयरिकीत 'विचार करून कळवतो' याचा होतो, एवढे मला कळते.

आमच्या ऋतुजाचे सांगतो. सकाळी शाळेत शिकवायला जाते, संध्याकाळी येते, वह्या तपासते, फोन पालथा ठेवते आणि दर पाच मिनिटांनी उलटून बघते. त्या दिवशी मन्मथरावांशी आपल्या गच्चीवर अर्धा तास बोलून ती हसत खाली आली होती. तिचे तसले हसणे मी बारावीच्या निकालानंतर पहिल्यांदा पाहिले. माझ्या एका डोळ्यापायी लेकीची ठरत आलेली सोयरीक मोडते आहे, हे ओझे घेऊन मी रोज गार्डावर उभा राहतो. म्हणून हा खुलासा. (खात्यात खुलासा सात दिवसांत द्यावा लागतो. मला उशीर झाला, त्याबद्दल वेगळी क्षमा असावी.)

मूळ रोग असा, की मला एक डोळा मिटता येत नाही. जन्मापासून. आमच्या देवणीकडे जोडीतला एक बैल बसला की दुसराही बसतो, तसे माझ्या डोळ्यांचे आहे. डावा मिटला की उजवा सोबतीला जातो. तरुणपणी यामुळे काही अडले नाही. उलट वडील चारचौघांत सांगायचे, पोरगं सरळ हाय. भरती झालो तेव्हा मला पळवले, उड्या मारायला लावल्या, छाती फुगवून मोजली, पण एक डोळा मिटून दाखव असे कोणी म्हणाले नाही. पुढे नऊ महिने प्रशिक्षण. त्यात आम्ही कवायत शिकलो, सलाम शिकलो, मैदानाच्या कडेचे दगड चुन्याने रंगवायला शिकलो, साहेबांच्या बंगल्यातल्या गुलाबांना आळी करायला शिकलो (गुलाबाला माझ्यासारखे आळे आजही जिल्ह्यात कोणी करत नाही). रायफल उघडून पुन्हा जोडायला तर असे शिकलो, की डोळे मिटून जोडतो. चालवतोही तशीच, हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नाही. प्रत्यक्ष गोळी झाडायचा दिवस शेवटच्या आठवड्यात आला. हत्यारांची आमची सगळी भाषा हिंदी. पालथ्या पडलेल्या रांगेला हुकूम मिळाला, 'शिस्त लो!' त्या भाषेत शिस्त म्हणजे नेम. मी खेड्यातला, मला वाटले आपल्या हातून काही बेशिस्त झाली. मी ताडकन उठलो आणि सावधान उभा राहिलो. बंदुकांच्या मागच्या बाजूला उभा राहिलो, म्हणून आज हे पत्र लिहितो आहे. शिक्षा म्हणून मैदानाला चकरा मारायला लावले. चकरा संपल्या तेव्हा गोळ्याही संपल्या होत्या. दाखल्यावर मात्र 'गोळीबार : समाधानकारक' असे आले, आणि ते खरेच होते, कारण कोणाचेच काही बिघडले नव्हते.

त्यानंतर वर्षातून एकदा सराव असतो. असतो म्हणजे ठरतो. ठरला की कुठे मिरवणूक निघते, कुठे मंत्री येतात, कुठे परीक्षा असते, कुठे जत्रा, आणि बंदोबस्तात सराव वाहून जातो. दोन-अडीच वर्षांतून एकदा योग येतो. गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याशी आमची चांदमारी आहे. (चांदमारी म्हणजे नेम धरायचे मैदान. निशाणाच्या मधल्या गोलाला चांद म्हणतात. हा शब्द जरा लक्षात ठेवावा, सगळा घोळ त्याच्यातच आहे.) पहाटे गाडीत कोंबून नेतात. आधी लाल झेंडा लावायचा, मग तिथे चरणाऱ्या शेळ्या हाकलायच्या, मग शेळ्यांच्या मालकिणीची समजूत काढायची, मग चहा. हे होईतो ऊन चढते आणि साहेबांना दुसरीकडे जायचे असते. मग माणशी दहा गोळ्या. दहा म्हणजे त्या वर्षाच्या सगळ्या. ऋतुजा सायकल शिकताना दहापेक्षा जास्त वेळा नुसत्या अंगणात पडली होती. मी पालथा पडायचो, श्वास रोखायचो, दोन्ही डोळे मिटायचो आणि परमेश्वरावर भार टाकून घोडा ओढायचो. त्या डोंगराला माझ्या शंभरेक गोळ्या लागल्या असतील. डोंगराने कधी तक्रार केली नाही आणि चांदाला मी कधी त्रास दिला नाही. निकालाच्या रकान्यात लिहिणारा कारकून 'मागीलप्रमाणे' असे लिहायचा. एकदा मागे काय होते म्हणून मी जुने कागद काढून पाहिले, तर त्यातही 'मागीलप्रमाणे'. असेच मागे मागे जात राहिलो तर आपण निजामाच्या फौजेतल्या कुणा पक्क्या नेमबाजापाशी पोचू, आणि त्याच्या पुण्याईवर आम्ही सारे आजवर उत्तीर्ण होत आलो असू, असा माझा अंदाज आहे.

हसण्यावारी न्यायचे ते इथपर्यंत. पुढचे मी बायकोला, शिवकन्येलाही अर्धेच सांगितले आहे. चार वर्षांपूर्वी उन्हाळ्यात एका गावात (नाव लिहीत नाही, आमच्या ठाण्याचेही लिहीत नाही, पत्र फुटले तर चौकशी माझीच) मिरवणुकीच्या रस्त्यावरून भांडण पेटले. दगड येऊ लागले. साहेबांनी मला हवेत एक गोळी झाडायला सांगितले. हवेत, शेटजी. हवा केवढी मोठी असते! देवणीपासून किनवटापर्यंत सगळी हवाच आहे. मी डोळे मिटले आणि झाडली. डोळे उघडले तेव्हा समोरच्या घराच्या स्लॅबवरची काळी टाकी फुटून रस्त्यावर पाण्याची धार लागली होती. जमाव आधी थबकला, मग हसायला लागला. हसणाऱ्या माणसाला दगड नीट मारता येत नाही, त्यामुळे थोड्या वेळाने सगळे पांगले. अहवालात 'प्रभावी गोळीबार' असे गेले आणि मला प्रशस्तिपत्र मिळाले. आपण आमच्या घरी आलात तेव्हा देव्हाऱ्याशेजारी पाहिलेत ते तेच. आपण त्याचे कौतुकही केलेत.

त्या टाकीजवळ एक पोरगी होती. दगड पडायला लागले म्हणून वाळत घातलेल्या कुरडया गोळा करायला वर आली होती. गोळी सुटली तेव्हा ती कुरडई उचलायला खाली वाकलेली होती. एवढेच. नववी-दहावीतली असेल. अंगावर सगळे पाणी पडून चिंब भिजली आणि स्लॅबच्या कडेला येऊन माझ्याकडे बघत राहिली. मला तिच्याकडे बघवले नाही. प्रशस्तिपत्र काढून ठेवावे असे रोज वाटते, पण का काढले म्हणून ऋतुजा विचारील. वाकली नसती तर, या तीन शब्दांपुढे माझे डोके जात नाही. आणि त्या दिवसानंतर मला कोणी एक गोळीही शिकवली नाही, उलट चांगला नेमबाज म्हणून गार्डाच्या ड्युटीवर कायम केले.

यंदा साहेबांच्या जागी नव्या मॅडम आल्या. ऋतुजापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी येताच 'मागीलप्रमाणे' हा शब्द बंद केला. प्रत्येकाने त्यांच्यासमोर दहा गोळ्या झाडायच्या, चार तरी चांदात लागल्या पाहिजेत, नाही लागल्या तर सहा आठवडे पुन्हा प्रशिक्षण केंद्रात, विशीतल्या पोरांच्या रांगेत. ठाण्यात हाहाकार उडाला. एकाची पाठ धरली, दुसऱ्याची चुलती अत्यवस्थ झाली (ती सहा वर्षांपूर्वीच वारली आहे, मी तिच्या तेराव्याला जेवलो आहे). मी मात्र, खरे सांगतो, मनातून सुखावलो. वाटले, चला, शेवटी कुणीतरी विचारले. पन्नाशी उलटलेल्या, प्रशस्तिपत्र मिळालेल्या हवालदाराने 'मला येत नाही' असे आपणहून जाऊन कोणाला सांगायचे?

मुख्यालयात नजीर उस्ताद म्हणून हत्यारांचे शिक्षक आहेत, त्यांच्याकडे गेलो. सज्जन माणूस. (शिकायला पाचशे जण आणि शिकवायला दोघे, त्यातला एक कायम रजेवर, तरी चिडत नाहीत.) त्यांनी मला पालथे पाडले आणि समोर येऊन बसले. आजवर सगळे मागून बघत आले होते. 'अरे हवालदारसाब, तुम्ही तर झोपून राहिले!' असे म्हणून त्यांनी कपाळाला हात लावला. मग समजावले, एक डोळा मिटायचा, दुसरा सरकारला द्यायचा. औषध सांगितले ते असे: रोज तीनशे वेळा डावा डोळा एकटा मिटायचा, सुरुवातीला उजव्याची पापणी बोटाने धरून. गोळ्या काही मिळणार नाहीत, तेव्हा जिथे गोल दिसेल तो चांद समजायचा. गोल दिसला की डावा बंद, श्वास बंद, बोट घोड्यावर. 'एवढी आदत लागली पाहिजे, की डोक्याला पुसायचंच न्हाई.' आदत लागली, शेटजी. आता ती डोक्याला पुसत नाही.

मी तव्यावरच्या भाकरीवर नेम धरला, भिंतीवरच्या घड्याळावर धरला. भोकरहून नांदेडला जाताना एसटीत पुढच्या बाकावर बसून स्टिअरिंगवर धरला, तर चालकाने आरशात माझा डोळा पाहून गाडी कडेला घेतली आणि साऱ्या प्रवाशांदेखत 'काय काम असंल ते तोंडानं बोला' म्हणून मला विचारले. आठवडी बाजारात लाल भोपळ्यांच्या ढिगापुढे उभा राहून चाळीसेक वेळा डोळा मिटला. ढिगामागे चांदबी नावाची म्हातारी बसली होती. ती आधी रागावली, मग घाबरली, मग उठून जवळ आली आणि माझी हनुवटी धरून म्हणाली, 'बाळा, तोंड फिरायलंय तुझं, आधी दवाखाना गाठ.' परेडमध्ये मॅडमच्या टोपीवरच्या बिल्ल्यावर डोळा मिटला तेव्हा वाटले, आता नोकरी गेली. पण मॅडमनी शांतपणे 'डोळ्याला काही त्रास आहे का?' असे विचारले आणि तपासणीला पाठवले. तिथल्या डॉक्टरांनी जो डोळा मिटतो तोच बॅटरी लावून पाहिला आणि 'दृष्टी उत्तम' असे लिहून दिले. उजव्याला कोणी काही विचारले नाही. तो बिचारा उघडाच होता.

आता आपल्या घरची ती सकाळ. मी तक्क्याला टेकून बसलो होतो. आपण सोयाबीनच्या भावाबद्दल काही सांगत होतात, मी हो हो म्हणत होतो. तेवढ्यात सौ. दानम्माबाई ताट घेऊन दारात उभ्या राहिल्या. मागून ऊन येत होते. त्यांच्या कपाळावरचे कुंकू जुन्या वळणाचे, ठसठशीत, बंद्या रुपयाएवढे आणि शपथेवर सांगतो, इतके गोल कुंकू मी आयुष्यात पाहिले नाही. डोक्याला न विचारता डावा डोळा मिटला, श्वास थांबला आणि ताटलीखाली उजव्या हाताचे बोट वळले. मी डोळा उघडून मान फिरवली. त्या सुशीला पुन्हा वाढायला आल्या, पुन्हा मिटला. चहा घेऊन आल्या, तिसऱ्यांदा. म्हणजे शेटजी, मी विहीणबाईंना डोळा मारला नाही. मी त्यांच्या कपाळावर नेम धरला होता.

(हे वाक्य लिहून झाल्यावर मी ते पुन्हा वाचले आणि शिवकन्येलाही वाचून दाखवले. ती म्हणाली, 'ह्ये लिवण्यापरीस डोळा मारला म्हनूनच लिवा, त्येवढं तरी माफ करतील.' पण खुलासा द्यायचा तर खरा द्यायचा, असे मी ठरवले आहे. माझ्या हातात त्या वेळी बंदूक नव्हती, चमचा होता. आणि बंदूक असती तरी भिण्याचे कारण नव्हते. मी ज्याच्यावर नेम धरतो, तो माणूस आजवर सगळ्यांत सुरक्षित राहत आलेला आहे. धोका इतरांना असतो.)

मला काय शिक्षा द्यायची ती द्यावी. लग्नात मी काळा चष्मा लावून बसेन. सांगाल तर मांडवाकडे पाठ करून बसेन. जेवायला शेवटच्या पंगतीला, विहीणबाई वाढत नसतील त्या टोकाला बसेन. पण पोरीला यात धरू नका. तिच्या संसाराच्या आड शेवटी काय यावे, तर दहा गोळ्या. मला वर्षाला शंभर दिल्या असत्या आणि कुणी एकदा समोर बसून माझ्या डोळ्यांकडे पाहिले असते, तर ही पाळी विहीणबाईंच्या कपाळापर्यंत आली नसती. कधी कधी गार्डावर उभा असताना वाटते, आपल्या खांद्याला अडकवलेली ही वस्तू लोकांना धीर देण्यासाठी आहे, आणि इथे सगळ्यांत जास्त भीती मलाच तिची वाटते. हे बोलायला माणूस नाही. व्याह्याजवळ बोलावे असे वाटले होते.

घरातील लहानथोरांस यथायोग्य सांगावे. पत्रात चुकले असेल ते सुधारून वाचावे.

आपला,
रामलिंग
(बक्कल नंबर लिहीत नाही. तक्रार करायची झाल्यास नाव पुरेल.)

ता. क. पाकीट डिंकाने चिकटवले होते, पुन्हा फोडले. आत्ता सिद्धराममामा येऊन गेले. सोयरीक त्यांनीच सुचवलेली, आणि आपल्या शेजारच्याच आडतीवर मुनीम असल्याने आपल्या घरातले त्यांना कळते. त्यांनी जे सांगितले ते ऐकून मी अर्धा तास ओट्यावर बसून होतो. माझ्या चारित्र्याबद्दल आपल्या घरात कोणी ब्र काढलेला नाही म्हणे. सौ. दानम्माबाई तर म्हणाल्या, 'माणूस लई भोळा हाय.' अडचण वेगळीच आहे. आपल्या मोंढ्यात ढिगावर बोली चालू असताना ओळखीच्या माणसाने डोळा घातला, तर त्याचा अर्थ, वरचा माल कोरडा आहे, आतला भिजलेला आहे, हात आखडा. आणि इथे तर पोरीच्या बापानेच तीनदा डोळा घातला. तेव्हा तीन ठिकाणी खोट आहे, बापाला तोंडाने बोलवत नाही, पण माणूस इमानी म्हणून खुणेने सावध करतो आहे, असे आपण समजलात! बावीस दिवस आपण त्या तीन खोटांचा शोध घेत आहात. एक सापडलीसुद्धा म्हणे, ती डावखुरी आहे.

म्हणजे ज्या गोष्टीबद्दल कोणी संशय घेतला नव्हता तिची मी इतकी पाने सफाई दिली, आणि जी कोणी मागितली नव्हती ती कबुली देऊन बसलो. पाने फाडणारच होतो. पण नवीन पत्र लिहिले तर त्यात काहीतरी लपवावे लागेल, म्हणून तसेच पाठवतो. शेटजी, लेकीला माल म्हणणे बरे नव्हे, तरी आपल्याला पटावे म्हणून आपल्याच बोलीत लिहितो: ढीग कुठूनही उकरून पाहा, वरपासून तळापर्यंत कोरडा आहे. डावखुरी आहे हे खरे, तिचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे. दुसरी आणि तिसरी शोधण्यात वेळ घालवू नये.

ता. क. २. पत्र टाकायला निघालो तो बंदोबस्त लागला, आणि तो संपतो न संपतो तोच मॅडमची परीक्षा झाली, म्हणून हेही लिहून टाकतो. परवा सकाळी पालथा पडलो. डावा डोळा मिटला, एकटा, आणि या वेळी मिटलेलाच ठेवला (सरावात तो मिटून लगेच उघडायचा, एवढीच आदत होती). उस्ताद 'शाब्बास' म्हणाले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी उजव्या डोळ्याने एकट्याने समोर पाहिले, आणि समोर काही नव्हते. नुसते दूध. मी हळूच विचारले, उस्ताद, चांद कुठाय? ते म्हणाले, 'समोरच तर हाय.' मी दुधावर दहा गोळ्या झाडल्या. चांदात एक लागली. ती आपली असल्याचे शेजारच्या शिपायाचे म्हणणे आहे, मी वाद घातला नाही. काल नांदेडला दाखवले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, पिकलेला, बऱ्याच वर्षांचा. म्हणजे त्या स्लॅबसमोर मी सगळे नियमाने केले असते, डावा मिटून, उजवा उघडा ठेवून, तरीही ती पोरगी मला दिसली नसती. आणि दर वर्षीच्या तपासणीत माझी दृष्टी उत्तम आहे.

मॅडमकडे अर्ज घेऊन गेलो, की माझ्या हातात बंदूक देऊ नये. त्यांनी दोनदा वाचला.  मग म्हणाल्या, माणसे कमी आहेत, ऑपरेशन होईपर्यंत गार्डावर उभे राहा, रायफल हातात असू द्या, गोळ्या मात्र पेटीत कुलूप लावून ठेवा. मी विचारले, मॅडम, आणि कोणी आलं तर? त्या म्हणाल्या, 'तुम्ही उभे आहात हे त्याला दिसेल ना.' त्याला दिसेल, शेटजी! नजीर उस्तादांनी मात्र बाहेर गाठून धीर दिला. बंदूक डाव्या खांद्याला लावा, आता उजवा डोळा मिटायला शिका, रोज तीनशे.

ता. क. ३. मूळ काम राहूनच गेले. ऑपरेशनची तारीख मिळते आहे, पण ती घेण्याआधी आपला शब्द हवा. पट्टी निघाल्यावर महिनाभर धूर आणि धूळ चालणार नाही म्हणतात, आणि लग्न म्हटले की दोन्ही आलेच. तेव्हा होकार असेल तर तिथी वैशाखातली धरावी, फाल्गुनातली नको. पोरीला आजवर मी एकाच डोळ्याने वाढताना पाहिले, हे मला परवा कळले. अक्षता टाकताना तरी दोन्ही डोळ्यांनी पाहीन म्हणतो. आणि नकार असेल तर तो सिद्धराममामांच्या तोंडी पाठवावा, सकाळी अकराला पाठवावा. ऋतुजा पाचला शाळेतून येते. तेवढ्या वेळात मी तोंड सावरीन.